सोनेरी मातीचं वाण

५ जानेवारी, रविवार

ह्यांची बँक निवृत्त माणसांना अजून डायरी पाठवते आणि हे ती अजून कपाटात कोरी जपून ठेवतात. यंदाची मी पळवली. शाळेत होते तोवर रोज पाठाची टाचणं लिहायची सवय होती. निवृत्तीनंतरच्या सहा वर्षांत ती मोडली आणि डोक्यात नुसती गर्दी व्हायला लागली. म्हणून लिहायचं ठरवलं. हे म्हणाले, चार दिवस टिकेल. बघू.

आज माझ्या लेकाने, हर्षलने, एक भलीमोठी गोणी आणली. ती खांद्यावर टाकून दोन जिने चढून आला तेव्हा मी ओरडलेच, पाठ धरेल म्हणून. तो हसला आणि गोणी एका हाताने माझ्याकडे दिली. उशीएवढी हलकी! आत सोनेरी चुरा. चिमटीत धरला तर लाहीसारखा दबतो. याला व्हर्मिक्युलाइट म्हणतात. मला नाव ठाऊक होतं, कारण गेल्या मे महिन्यात भाईदासभाई कंत्राटदाराने आमच्या गच्चीवर सिमेंटमध्ये मिसळून हेच घातलं आणि वरच्या मजल्याचं भाजणं थांबलं. मुळात तो अभ्रकासारखा दगड असतो म्हणे. भट्टीत टाकला की दहापट फुलतो.

हर्षल सुरतेजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कंपनीत माल रवाना करायच्या खात्यात आहे. तिथे काचेच्या बाटल्या खोक्यात ठेवताना भोवती हाच चुरा भरतात. धक्का बसत नाही, आणि बाटली फुटलीच तर आतलं सगळं हा पिऊन टाकतो, बाहेर थेंब येत नाही. गोदामामागे गोणी पडून होती, तुझ्या कुंड्यांना चालेल म्हणून आणली, असं म्हणाला. मोबाइलवर वाचलं तर खरंच कुंड्यांसाठी उत्तम. ओल धरून ठेवतो, मुळांना हवा मिळते.

आणि मला यंदाचं वाण सुचलं. गेली तीन वर्षं मी हळदीकुंकवाला डबे लुटते आहे आणि गेल्या वर्षी समोरच्या मंदा टिळेकरांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "सुधाताई, यंदा झाकण घट्ट बसतं ना?" यंदा मी एकेकीला उगवलेली कुंडी देणार आहे. बसा म्हणावं.

९ जानेवारी, गुरुवार

कुंभाराकडून चाळीस छोट्या कुंड्या आणल्या. सकाळभर गॅलरीत बसून मी आणि छाया मिश्रण करत होतो. नारळाचा भुसा, शेणखत आणि हा सोनेरी चुरा. छाया नऊ वर्षं माझ्याकडे कामाला आहे. मूळची जिंतूरकडची, राहते बमरोलीच्या वस्तीत, नवरा किसन कापडाच्या लूमवर. कामाला वाघीण आहे, पण प्रत्येक गोष्ट तीनदा सांगावी लागते, आणि एकदा पटली की मग जन्मात विसरत नाही.

गोणीच्या वरचा चुरा छान मोकळा आहे. खाली गेलं तसे तपकिरी, ओलसर गोळे लागले. शिळ्या मासळीसारखा वास होता. छायाने नाकाला पदर लावला. मी म्हटलं, शेणखताला काय मोगऱ्याचा वास येणार? गोणी कुठेतरी ओलीत ठेवली असेल. गोणीच्या एका बाजूला लाल रंगाची मोठी फुली मारलेली आहे, मोजणीची असावी. डोकं जरा दुखतंय. उन्हात बसल्यामुळे असेल.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. पतंग उडवायला गच्चीवर सगळी सुरत. "काय पो छे" ऐकून कान किटले. प्राजक्ताने, म्हणजे सूनबाईंनी, गूळपोळ्या केल्या, बऱ्या झाल्या होत्या. खाली येऊन चाळीसही कुंड्यांत मेथी पेरली. रविवारपर्यंत उगवायला हवी.

१९ जानेवारी, रविवार

लिहायला बसले आहे पण हात थकलेत. चांगले थकलेत.

एकतीस जणी आल्या. यादीतल्या एकतीस, एकही गळली नाही. कुंड्या हातात दिल्या तेव्हा "अय्या" शिवाय दुसरा शब्द नव्हता. चाळीसपैकी नऊ कुंड्यांत मेथी उगवलीच नाही, त्या गोणीच्या तळाच्या चुऱ्याने भरलेल्या असाव्यात. पण एकतिसात हिरवीगार, वर सोनेरी चुऱ्याचा थर, शेजारी तिळगुळाची पुडी. भाईदासभाईंच्या बायकोने तर विचारलं, सुधाबेन, हे सोनं कुठून आणलं? सोसायटीतल्या वर्षाचा छोटा मुलगा, जेमतेम दीड वर्षांचा, चुऱ्यात बोटं घालून बसला होता, त्याला उचलावं लागलं. मंदाताई शेवटी निघाल्या. म्हणाल्या, "यंदा तुम्ही जिंकलात." तिळगूळ देऊनही हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. हे आतल्या खोलीतून ऐकत होते, नंतर म्हणाले, आता तरी वर्षभर डब्यांचा विषय बंद का?

२० जानेवारी, सोमवार

आज छायाला तिचं वाण दिलं. दरवर्षी देते, समारंभाच्या दुसऱ्या दिवशी, स्वयंपाकघरात. हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. न उगवलेल्या नऊ कुंड्यांतलं सगळं मिश्रण आणि गोणीच्या तळाचे उरलेले गोळे मोडून आइस्क्रीमच्या मोठ्या डब्यात भरले आणि वर पुन्हा मेथी टाकून दिली. वाया कशाला घालवायचं? तिने डब्यालाही हळदीकुंकवाची बोटं लावून घेतली. हा तिचा स्वभावच आहे, साधी पिशवी दिली तरी आधी कपाळाला लावते.

तिची सून पूजा सहा महिन्यांची गरोदर आहे. तिला मातीचे डोहाळे लागलेत. छाया सांगत होती, खापऱ्या फोडून खाते, भिंतीचे पोपडे काढते, किती ओरडलं तरी ऐकत नाही. मी हसून म्हटलं, अगं, मग हिच्यातलीच चिमूट दे तिला. ही तरी भट्टीतून भाजून निघालेली आहे, जंतू नाहीत. छायाही हसली.

गोळे हाताने मोडल्यामुळे की काय, संध्याकाळी डोकं फार जड झालं, चक्कर आल्यासारखं वाटलं. हे म्हणाले, तुझे ओठ जांभळे दिसतायत, जानेवारीत जांभळं कुठे मिळाली? नखंही निळसर होती. थंडीने असेल म्हटलं. त्यावर, सुरतेत थंडी, असं म्हणून खो खो हसले. मला नाही हसू आलं, लवकर आडवी झाले.

२३ जानेवारी, गुरुवार

आमच्या हर्षलला एकाएकी टापटिपीचं वेड लागलंय. काल कंपनीतून आला तो सरळ गॅलरीत. रिकामी गोणी कुठे आहे, किती चुरा उरला, कुठे कुठे वापरला, चौकशीवर चौकशी. मी म्हटलं, यादी बघ हवी तर, एकतीस घरांत गेला. तो यादी हातात धरून बराच वेळ उभा होता. आज सकाळी गोणी दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधून घेऊन गेला. गॅलरी स्वतः धुतली, हातमोजे घालून! लग्नाआधी स्वतःचं ताट उचलत नव्हता. प्राजक्ताचा गुण म्हणायचा.

जेवणात मेथीची भाजी होती, घरच्या मोठ्या कुंडीतली. त्याने हात लावला नाही, आणि प्राजक्ताच्या ताटातलीही उचलून मोरीत टाकली. भांडणं चालू आहेत की काय दोघांची, देव जाणे.

२७ जानेवारी, सोमवार

अक्षर वाचता आलं नाही तरी चालेल.

दुपारी हर्षल अर्धी सुट्टी घेऊन आला आणि माझ्यासमोर जमिनीवर बसला. ती गोणी उगाच पडलेली नव्हती. एका खोक्यात बाटल्या फुटल्या होत्या, त्यातलं रसायन चुऱ्याने पिऊन घेतलं आणि तो चुरा गोणीत भरून, लाल फुली मारून, विषारी कचऱ्यासाठी वेगळा ठेवला होता. वरून मोकळा कोरा चुरा टाकला होता. ह्याने फुली पाहिलीच नाही. बुधवारी कंपनीत मोजणीत एक गोणी कमी भरली तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

बुधवारी. आणि आज सोमवार आहे. पाच दिवस हा माझ्या हातचं जेवला आणि गप्प बसला. मी त्याला मारलं. तेहतीस वर्षांच्या मुलाला थोबाडीत मारली आणि मग मीच रडले.

रसायनाचं नाव त्याने सांगितलं, पण इथे लिहू नकोस म्हणाला, कुणाच्या हाती पडलं तर नोकरी जाईल, वर पोलीस. कातडीतून अंगात जातं, श्वासातून जातं, पोटात गेलं तर फार वाईट. रक्त प्राणवायू धरू शकत नाही. डोकं दुखतं, चक्कर येते, ओठ आणि नखं निळी पडतात. लहान मुलांना आणि पोटातल्या बाळाला जास्त धोका.

मी माझी नखं बघितली. आता गुलाबी आहेत. हे माझा हात हातात घेऊन बसले. जांभळांची आठवण आम्हा दोघांनाही झाली असणार.

मला वर्षाच्या मुलाची बोटं दिसतायत, चुऱ्यात खुपसलेली. एकतीस घरं. प्रत्येक खिडकीत एकेक कुंडी, आणि ती मी माझ्या हाताने, हळदीकुंकू लावून दिलेली.

२८ जानेवारी, मंगळवार

हे म्हणतात, सगळ्यांना खरं सांगायला हवं. हर्षल म्हणतो, आई, प्लीज. मी दोघांच्या मधोमध उभी आहे आणि मला दोघांची भीती वाटते.

मार्ग मी काढला. खतात कीड निघाली म्हणून सांगायचं, कुंडी परत घ्यायची, बदल्यात स्टीलची वाटी द्यायची. वाटी एकेकीच्या हातात ठेवताना नखं बघून घ्यायची. काही दिसलं तर त्याच क्षणी खरं सांगायचं आणि डॉक्टरकडे न्यायचं. असं मी ह्यांना कबूल केलं. हे म्हणाले, "आणि दिसलं नाही तर?" मी यादी उचलून पायात चपला सरकवल्या.

पहिली पायरी चढताना कळलं, वाण परत मागणं म्हणजे काय. सवाष्णीला दिलेलं परत घ्यायचं! वर्षाने दार उघडलं, ऐकलं आणि तिचे डोळे भरले. तिच्या नवऱ्याची गेल्या मार्चमध्ये अँजिओप्लास्टी झाली आहे. म्हणाली, मावशी, वाण परत नका ना नेऊ, मला कसंतरी होतं. मी तिच्या हातातून कुंडी जवळजवळ ओढून घेतली. मुलगा खेळत होता, नखं गुलाबी, ओठ लाल. मी त्याचा हात इतका वेळ धरून ठेवला की तो रडायला लागला.

आज नऊ कुंड्या. छाया नेमकी आजच आली नाही. खालच्या मजल्यावरच्या मोलकरणीबरोबर निरोप पाठवला, सुनेला बरं नाही. हिला सुट्टी घ्यायला हाच दिवस सापडला.

३० जानेवारी, गुरुवार

चोवीस झाल्या. मंदाताई म्हणाल्या, "वाण परत मागायला आलेली बाई मी आयुष्यात पहिल्यांदा बघते." दारात उभं राहून म्हणाल्या, जिन्यात ऐकू जाईल अशा आवाजात. एरवी मी रात्रभर तळमळले असते. आज मी त्यांची नखं बघत होते.

मध्येच डोक्यात आलं, गच्चीवरही हाच चुरा आहे. तशीच भाईदासभाईंच्या दुकानात गेले. त्यांना आडून आडून विचारलं, ह्या मालातून कधी विष वगैरे येतं का? ते आधी हसले. मग माझ्या तोंडाकडे बघून गंभीर झाले. "बेन, एमां एनो शुं वांक? ए तो जे पाओ ते पी जाय." त्याचा काय दोष, जे पाजाल ते तो पितो. म्हणाले, गच्चीवरचा भट्टीतून थेट आला, त्याने पाण्याशिवाय काही पाहिलं नाही. कसलं विष प्यायला, ते विचारायला हवं. मी म्हटलं, काही नाही, सहज. घरी आल्यावर दार लावून घेतलं.

छाया आजही नाही. भांडी मीच घासतेय, कुंड्या मीच उचलतेय. किसनचा फोन बंद. एवढी वर्षं मी हिच्यासाठी काय काय केलं, आणि मी अडचणीत असताना ही घरी बसली आहे. रागात लिहितेय, पण खरंच राग आलाय.

१ फेब्रुवारी, शनिवार

एकतीस. शेवटची कुंडी दुपारी पारल्याहून सुट्टीवरून परतलेल्या जोशीबाईंकडून आणली. यादीतल्या प्रत्येक नावापुढे खूण झाली. एकतिसाव्या खुणेनंतर मी यादी छातीशी धरून गॅलरीत उभी राहिले. कुणाची नखं निळी नाहीत. कुणाचं डोकंही दुखलेलं नाही. सगळ्या कुंड्या प्लास्टिकमध्ये बांधल्या. हर्षल त्या कंपनीच्या कचऱ्यात परत पोहोचवणार आहे, कसं ते मी विचारलं नाही.

आज पाच दिवसांनी जेवण गोड लागलं. देवापुढे बसले. म्हटलं, वाचवलंस रे बाबा.

छाया अजून आलेली नाही. उद्या कुणाला तरी पाठवून तंबी द्यायला हवी.

२ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

मागची पानं वाचत होते. सहज, सगळं निस्तरलं म्हणून. विसाव्या तारखेचं पान.

आइस्क्रीमचा डबा. गोणीचा तळ. न उगवलेल्या नऊ कुंड्या.

ती यादीत नव्हती. यादी आमंत्रणाची होती आणि तिला मी कधी आमंत्रण देत नाही, दुसऱ्या दिवशी नुसतं वाण देते.

पूजाला माती खायचे डोहाळे आहेत. आणि मी काय म्हटलं होतं, ते माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

हे रिक्षा बघायला गेलेत.

३ फेब्रुवारी, सोमवार

काल सकाळपासूनचं लिहायचं आहे. लिहिल्याशिवाय राहवणार नाही.

बमरोलीत छायाची खोली मी नऊ वर्षांत पाहिलेली नव्हती. विचारत विचारत गेलो. कुलूप होतं. खोलीच्या खिडकीत, गजांच्या आत, तो डबा. कुंकवाची बोटं अजून तशीच. डबा अर्धा रिकामा होता आणि मेथी उगवलेली नव्हती. शेजारीण म्हणाली, सुनेला शुक्रवारी सरकारी दवाखान्यात नेलं, चालता चालता पडली, तोंड काळंनिळं झालं होतं.

रिक्षात हे पुढे वाकून रस्ता सांगत बसले. मी हर्षलला फोन लावला. म्हटलं, बाबा रे, छाया राहिली. तिची सून गरोदर आहे आणि तिने खाल्लंय. मला भीती होती, तो पुन्हा आई प्लीज म्हणेल. म्हणाला असता तर मी काय केलं असतं, हे मला अजून माहीत नाही. तो म्हणाला, "डॉक्टरला नाव सांग. मी निघालोच."

ॲनिलीन. हे नाव आता इथे लिहिते आहे. ज्याला वाचायचं त्याने वाचावं.

वॉर्डात छाया पूजाच्या पायाशी बसली होती. मला बघून उठली, पदर सावरला आणि म्हणाली, बाई, तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब, मी उद्या कामाला येणारच होते. पूजा वीस-बावीस वर्षांची मुलगी आहे. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. नळी लावली होती. ओठ राखेच्या रंगाचे. तिच्या पोटावर छायाची जुनी शाल पांघरलेली होती. ती शाल माझी होती, मी दिलेली.

डॉक्टर तरुण पोरगी होती, तीन रात्रींची झोप नसलेली. तिने सांगितलं, ऑक्सिजन लावूनही रक्तातला त्याचा आकडा चढत नाही, छाती साफ आहे, हृदय ठीक आहे, आणि रक्त काढलं तर चॉकलेटसारखं तपकिरी निघतंय. काही विषारी पोटात गेलंय का, असं कालपासून विचारतेय, तर सासू म्हणते, घरचंच जेवते, थोडी माती खाते, पण ती चांगली माती आहे.

मी म्हटलं, मी सांगते. वॉर्डात पाच-सहा माणसं ऐकत होती. सगळं सांगितलं. गोणी, फुली, मुलगा, कंपनी, तळाचे गोळे. डॉक्टरने एकदाही मला मध्ये थांबवलं नाही. नाव ऐकल्यावर पळत गेली. मग ओरडून इंजेक्शन मागवलं, तासाभराने सलाईनमधून निळं औषध गेलं. निळ्यावर निळंच औषध असतं म्हणे. जाताना तिने माझी बोटं उलटून नखं बघितली आणि म्हणाली, तुम्ही पण रक्त द्या तपासायला.

छाया सगळं ऐकत उभी होती. मला वाटलं आता ही माझ्या झिंज्या धरेल. मी तिला म्हटलं, छाया, ते फेकून का नाही दिलं गं, वास येत होता ना?

ती म्हणाली, "शेजारनी म्हनल्या की, फेकून दे म्हनून. मी म्हनलं, बाईनं हळदीकुकू लावून दिल्यालं वान हाय. वान कुटं फेकत असतेत का?"

मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आन तुमीच म्हनलाव की, भाजलेली हाय, जंतू न्हाईत. मी पूजाला तेच सांगितलं. आधी ती चोरून खायची, माझ्या भेवानं. तवापासून बिनघोर खायली."

मी तिथेच जमिनीवर बसले. ह्यांनी मला उठवलं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार. रथसप्तमी

पूजाच्या ओठांना रंग आला आहे. डोळे उघडून पाणी मागितलं. बाळाचे ठोके लागतायत, पण जरा मंद आहेत. डॉक्टर म्हणाली, बाळाला किती झळ लागली ते आज कुणी सांगू शकणार नाही. दोन दिवस, चार दिवस, कदाचित जन्मापर्यंत वाट बघावी लागेल. ही वाट बघणं काय असतं ते मला समजायला लागलंय. फोन वाजला की आधी दवाखान्याचा नंबर आहे का ते बघते.

हर्षल काल दवाखान्यातून सरळ कंपनीत गेला आणि साहेबांना स्वतःच सांगितलं. घरी बसवलंय, चौकशी होईल. प्राजक्ता माझ्याशी बोलत नाही, त्याच्याशीही नाही. दवाखान्याने पोलिसांना कळवलंय, ते त्यांना करावंच लागतं. हे माझ्याबरोबर आहेत, पण जांभळांसारखा विनोद ह्या घरात पुन्हा कधी होईल असं वाटत नाही.

आज सकाळी पुन्हा यादी घेऊन निघाले. कीड नव्हती, हे होतं, असं दारादारात उभं राहून सांगितलं. अकरा घरं झाली. वर्षा मुलाला कडेवर घेऊन तशीच डॉक्टरकडे गेली, चप्पलही धड घातली नाही. तेच बरोबर केलं तिने. मंदाताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं, आवाज न करता. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. वीस घरं उरलीत.

दुपारी दवाखान्यात गेले. डॉक्टरला तपासणीसाठी तो डबा हवा होता. किसनने तो बमरोलीहून कापडी पिशवीत आणला होता आणि छायाने पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. परिचारिकेने दोनदा मागितली, ही देईना. परिचारिका चिडली. मग छाया मला दंडाला धरून खिडकीपाशी घेऊन गेली. नऊ वर्षांत तिने मला असा हात लावला नव्हता.

तिचे ओठ कोरडे पडले होते. ती घाबरली होती, पण कशाला घाबरली होती ते मला आधी कळलंच नाही.

"बाई," ती हळूच म्हणाली, "वान परत देल्यावर लेकराला काय व्हनार न्हाई ना? तुमीच सांगा. तुमी म्हनाल तसं करते."

तिच्या मागे काचेतून पूजा दिसत होती. पोटावर तीच शाल. मला सांगायचं होतं की छाया, मला विचारू नकोस, ह्यापुढे मला काहीही विचारू नकोस. पण परिचारिका ताटकळत उभी होती आणि डबा जायलाच हवा होता. मी म्हटलं, "काही होणार नाही. दे."

तिने पिशवी कपाळाला लावली आणि लगेच देऊन टाकली. मी सांगितलं आणि तिने ऐकलं, याही वेळी.